चिलीत राजमा नसतो

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माणसानं पहिल्यांदाच स्वयंपाकघरात शिरावं की नाही, याबद्दल चंद्रशेखर खांबेट्यांनी कुणाचाही सल्ला घेतला नाही. एरवी साधा मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानांतून कोटेशन मागवणारा हा माणूस. पण या एका बाबतीत त्यांनी घाई केली, आणि त्याची फळं बहारीनमध्ये, मनामाच्या नईम भागातल्या त्या चारमजली इमारतीतल्या झाडून सगळ्या भाडेकरूंनी भोगली.

खांबेटे गेली सव्वीस वर्षं मनामात एका अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कंपनीत चीफ अकाउंटंट होते. सव्वीस वर्षांत त्यांचा स्वयंपाकघराशी संबंध फ्रीजपुरता. फ्रीज दारालगतच असल्यामुळे त्याला आत जाणं म्हणता येत नसे. चहा बाहेर येई, ताट बाहेर येई, आणि भाजी कशी झाली आहे हे विचारलं की ते "ठीक" म्हणत. हा त्यांचा सर्वोच्च शेरा होता.

सुरुवात झाली ती सुयोगच्या एका वाक्यानं. सुयोग हा त्यांचा एकुलता मुलगा. जन्म बहारीनचा, शाळा बहारीनची, आणि गेली तीन वर्षं टेक्सासात. आधी शिक्षण, मग नोकरी. तीन वर्षांत एकदाही घरी आला नव्हता. या डिसेंबरात येणार होता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याची आई स्मिता त्याला फोनवर विचारत होती की आल्यावर काय काय करू, आणि त्याला बोलू न देता स्वतःच यादी सांगत होती.

"आई, रिलॅक्स," सुयोग म्हणाला. त्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीतून यायचं. "धिस टाइम आय विल कुक फॉर यू. आय मेक अ मीन चिली."

"मीन?" खांबेटे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. "मासे करतोस तू?"

"नो बाबा. चिली."

"चिली म्हणजे मिरची. मिरचीचं काय करणार?"

"नेव्हर माइंड. यू विल सी."

खांबेट्यांचं मुलाशी बोलणं एरवी याहून लांबत नसे. "थंडी आहे का? ऑफिस बरं आहे ना? गाडी जपून चालव." पलीकडून "या, या, गुड" आलं की ते फोन स्मिताकडे देत. प्रेम नव्हतं असं नाही. विषय नव्हता.

मग आला व्हिसाचा प्रश्न. सुयोग या घरात वीस वर्षं वाढला, पण शिकायला बाहेर गेल्यावर त्याचं इथलं रेसिडेन्स संपलं होतं. म्हणजे ज्या घरात त्याचा पहिला दात पडला त्या घरात यायला आता त्याला व्हिजिट व्हिसा लागणार होता. खांबेट्यांनी ऑनलाइन अर्ज स्वतः भरायला घेतला. भेटीचं कारण विचारलं होतं आणि खाली निवडायला पर्याय दिले होते. पर्यटन, व्यवसाय, परिषद, आणखी बरंच काही. 'घरी येणे' त्यात त्यांना कुठे दिसेना. त्यांनी 'इतर' निवडलं आणि चौकटीत निवेदन लिहायला घेतलं. "सदर अर्जदाराचा जन्म याच शहरात झाला असून..." इथून निघालेलं निवेदन लसीकरणापर्यंत पोचलं तोच चौकट भरली. उरलेलं त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून जोडलं. सोबत अकरा दाखले. घरात जो फोटो सापडला तोही जोडला. त्यात सुयोगनं शाळेचा टाय घातला होता आणि समोरचे दोन दात नव्हते.

अर्ज परत आला.

शेवटी ऑफिसातली सरकारी कामं बघणाऱ्या झैदनं तो हातात घेतला. झैद तिशीतला बहारिनी, स्वतः दोन वर्षं टेक्सासात शिकून आलेला, आणि ऑफिसातल्या निम्म्या माणसांपेक्षा बरं हिंदी बोलणारा. त्यानं ते निवेदन स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत वाचलं.

"मिस्टर खांबेटे, ये अर्जी है या किताब?"

चार मिनिटांत त्यानं नवा अर्ज भरला. कारण: पर्यटन.

"पर वो टुरिस्ट नहीं है," खांबेटे दुखावून म्हणाले.

"कागज पे टुरिस्ट. एअरपोर्ट के बाहर बेटा. खलास."

तिसऱ्या दिवशी व्हिसा आला. खांबेट्यांनी त्याची रंगीत प्रिंट काढली, एक पुरेल तिथे दोन. प्रिंट घेऊन घरी आले आणि सोफ्यावर टेकले, तोच सुयोगचा फोन आला. त्याच्या कंपनीच्या वकिलानं सांगितलं होतं की या दिवसांत देशाबाहेर जाऊ नकोस. परत शिरायला अमेरिकेच्या व्हिसाचा नवा स्टॅम्प लागेल, तो कधी मिळेल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि तोवर नोकरी थांबणार नाही.

"आय अ‍ॅम सो सॉरी, बाबा."

"बरोबर आहे वकिलाचं," खांबेटे म्हणाले. "नोकरी महत्त्वाची. बहारीन काय, कुठे पळून जात नाही."

फोन ठेवून ते त्या प्रिंटला स्टेपलर मारत बसले. दोन पानांना सात पिना लागल्या. स्मितानं आतल्या खोलीत जाऊन, त्याच्या बिछान्यावर घालायला काढलेली नवी चादर घडी करून परत कपाटात ठेवली.

पुढच्या सोमवारी झैदनं सहज विचारलं, "बेटा कब आ रहा है?" खांबेट्यांनी सांगितलं. झैद हळहळला. चिली म्हणजे काय ते खांबेट्यांनी एव्हाना नेटवर वाचून ठेवलं होतं. ते म्हणाले, "वो हमको चिली बनाके खिलानेवाला था. राजमा वगैरा डालके बनाते हैं ना, वो."

झैदचा चेहरा बदलला. "राजमा? बीन्स? टेक्सास की चिली में? नो, नो, नो. बीन्स मफी! बिलकुल नहीं!" अन् पुढे दहा मिनिटं, महिनाअखेरीचे कागद समोर असताना, त्यानं भाषण दिलं. चिली म्हणजे मांस आणि मिरची. त्यात राजमा घालणारा माणूस एक तर अडाणी किंवा उत्तरेकडचा.

संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिकडे सुयोग सकाळी गाडी काढून ऑफिसला निघण्याच्या वेळी, खांबेट्यांनी आपणहून फोन लावला. आपणहून लावण्याची वेळ बहुधा पहिलीच.

"बाबा? व्हॉट हॅपन्ड? इज आई ओके?"

"ती ठीक आहे. मला एक सांग, तुझ्या त्या चिलीत राजमा घालतात का?"

पलीकडे स्फोटच. "नो बीन्स, बाबा! नेव्हर! हू टोल्ड यू बीन्स?"

मग झैद काय म्हणाला ते आलं, टेक्सासातले लोक यावरून कसे हातघाईवर येतात ते आलं, टोमॅटो चालतो की नाही यावर वेगळा वाद झाला, सुयोग ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचूनही गाडीत बसून राहिला. फोन ठेवल्यावर खांबेट्यांनी स्क्रीनवरचा आकडा पाहिला आणि तो स्मितापुढे धरला.

"बावीस मिनिटं. फोन बिघडलाय का बघ गं."

स्मितानं पाहिलं. "नाही बिघडलेला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खांबेट्यांनी जाहीर केलं की सुयोग येऊ शकत नाही तर काय झालं, तो सांगेल तशी चिली आपण इथे करू. 'आपण' म्हणजे कोण, अशी स्मिताला धास्ती वाटली. पण 'आपण' म्हणजे ते स्वतः होते.

पहिली अडचण तत्त्वाची निघाली. खांबेट्यांच्या घरात अंड्यापलीकडे काही शिजलेलं नव्हतं आणि आपल्या भांड्यांत ते शिजणारही नाही, असं स्मितानं शांतपणे सांगितलं. खांबेट्यांनी परिस्थितीचा विचार केला. मांस आपल्याकडे चालत नाही, राजमा त्यांच्याकडे चालत नाही. मग उरतं काय?

"टोमॅटोचं सार," स्मिता म्हणाली.

ही अडचण इमारतीत फुटायला एक दिवस पुरला. वरच्या मजल्यावरच्या अरुणाताई कोल्हापूरच्या. त्या जिना उतरतानाच बोलू लागत आणि दारात पोचेपर्यंत निम्मं बोलून झालेलं असे. "भावजी, त्या अमेरिकेच्या नादाला लागू नका. आमच्यातली चटणी घाला चार चमचे, कांदा-लसणाची. मग आत दगड घातला तरी खातील लोक." खालच्या मजल्यावरच्या फारुखभाईंनी, ते हैदराबादचे, सगळा वृत्तांत ऐकून घेतला आणि सौजन्यानं निकाल दिला, "खांबेटे साब, बुरा नक्को मानो. ये तो कीमाइच है. बस, पुदीना भूल गए वो लोग." अरुणाताई पुदिन्यावर खवळल्या. फारुखभाई चटणीवर हसले. लिफ्टमध्ये दोघांची गाठ पडली की विषय चिली, आणि लिफ्ट जुनी असल्यामुळे प्रवास मोठा.

तोडगा काढला शंभूनं. शंभू कंपनीचा ड्रायव्हर, कणकवलीकडचा, फारसा न बोलणारा. रोज खांबेट्यांना ऑफिसातून घरी सोडताना तो हे सगळं ऐकत होता. पाचव्या दिवशी सिग्नलला गाडी थांबवून तो म्हणाला, "सायबानू, कवळो फणस घाला. नीट शिजवलो तर मटण बाजूक रवात."

खांबेट्यांनी गाडीतूनच टेक्सासला फोन लावला. सुयोग विचारात पडला. त्याच्या माहितीत ऑस्टिनमधले काही लोक फणसाची चिली करतात, पण ते लोक जरा वेगळे. "लेट मी चेक. टेल यू टुमॉरो." दुसऱ्या दिवशी परवानगी आली. फणस चालेल. राजमा मात्र नाही म्हणजे नाही.

आता एखाद्यानं फणस आणला असता, चिली केली असती आणि विषय संपवला असता. खांबेट्यांना चिली करायची घाई राहिली नाही. रोज साडेपाचला त्यांना एक शंका येऊ लागली. जिरं भाजून घालायचं की कच्चं? मिरची भिजवायची तर गार पाण्यात की गरम? कॉफी घालतात म्हणे, ती दुधाची की कोरी? चॉकलेट घालतात हे ऐकून तर स्मिताच म्हणाली, "मग वरून आइस्क्रीमही घाला." तेही सुयोगला कळवण्यात आलं आणि तो तिकडे हसला.

चिलीच्या मधे मधे दुसरंही येऊ लागलं. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस नोकरी सोडून गेला. घराच्या खिडकीतून कबुतर आत आलं होतं. रात्री झोप लागायला हल्ली वेळ लागतो. हे सगळं जिरं आणि ओव्याच्या मधून येत होतं. नुसतं 'कसा आहेस' विचारलं असतं तर "गुड" आलं असतं, हे खांबेटे ओळखून होते.

एकदा त्यांची ऑफिसची डायरी स्मिताच्या हाती लागली. पुढच्या पानांवर वारानुसार नोंदी होत्या. सोमवार, झाकण ठेवायचं का. मंगळवार, गूळ चालेल का. बुधवार, फणसाचे तुकडे केवढे. असं पुढच्या महिन्यापर्यंत. गूळ, जिरं, सगळं सामान आठवड्यापूर्वीच आणून झालं आहे, हे तिला ठाऊक होतं. फणससुद्धा जिदहफ्सच्या बाजारातून आणून, चिरून, फ्रीझरमध्ये पडला होता. तो चिरताना खांबेट्यांच्या हाताला लागलेला चीक फोनला लागला होता आणि फोन दोन दिवस कानाला चिकटत होता. स्मितानं डायरी जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मंगळवारच्या प्रश्नाखाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती: "झोप लागत नाही तर डॉक्टरला दाखवलं का, ते विचारा. मी विचारलं की चिडतो."

खांबेट्यांनी विचारलं. गुळानंतर लगेच. त्यानं दाखवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दाखवलं.

हे असंच उन्हाळ्यापर्यंत चाललं असतं, पण खांबेट्यांना सर्दी झाली.

झालं ते असं. मिरच्या भाजायचा प्रयोग आधी करून बघावा, म्हणजे त्यावर आणखी तीन दिवस बोलता येईल, असा त्यांचा बेत होता. सुयोगनं सांगितलं होतं की सुक्या मिरच्या तव्यावर टाकायच्या आणि सुगंध सुटला की उतरवायच्या. खांबेट्यांनी पाव किलो संकेश्वरी मिरच्या मोठ्या तव्यावर टाकल्या आणि सुगंधाची वाट पाहत उभे राहिले. नाक चोंदलेलं. सुगंध येईना. स्मिता खाली कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, दूध आणायला गेलेली. सूचनेत मिनिटं दिलेली नव्हती, सुगंध दिलेला होता, आणि सूचनेबाहेर जाणं खांबेट्यांच्या रक्तात नव्हतं. मिरच्या काळ्या पडल्या तेव्हा त्यांना शंका आली. डोळे उघडेनात तेव्हा खात्री झाली.

धूर जिन्यात शिरला. आधी फारुखभाईंच्या घरातून ठसका ऐकू आला, मग अरुणाताईंच्या, मग चारही मजले एका सुरात खोकू लागले. कुणीतरी अलार्मचं बटण दाबलं. दहा मिनिटांत सगळी इमारत गल्लीत उभी होती. कुणी लुंगीवर, कुणी डोक्याला मेंदी लावलेली. अग्निशमन दलाची गाडी आली. एक धिप्पाड अधिकारी तोंडाला मास्क लावून वर गेला आणि तवा चिमट्यात धरून, हात लांब ठेवून, खाली आला.

"शिनू हादा?" हे काय आहे, असं त्यानं गर्दीला विचारलं.

सगळी गर्दी खांबेट्यांकडे बघू लागली.

"फिलफिल," खांबेटे म्हणाले. मिरची. सव्वीस वर्षांत शिकलेलं हे अरबी त्यांना असं वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्यानं एकदा तव्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या वाहणाऱ्या डोळ्यांकडे. त्याला वाटलं म्हातारा घाबरून रडतोय. त्यानं गाडीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि पाठीवर थोपटलं. चीफ अकाउंटंट खांबेटे, ज्यांच्या सहीशिवाय कंपनीतला कागद हलत नाही, ते भर गल्लीत पाठ थोपटून घेत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या मालकाचं लेखी पत्र आलं. ते त्यांनी फाइलला लावलं.

सुयोगला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. खांबेटे फोन कानाशी धरून नुसते ऐकत राहिले. तो आठ वर्षांचा असताना असाच हसत जमिनीवर लोळायचा.

पण स्मितानं त्या रात्री जेवताना सांगितलं, "आता शनिवारी काय ती करा. सगळ्या इमारतीला जेवायला बोलवा. माफी मागायची ती तशी मागा." आणि थोड्या वेळानं, ताटाकडे बघत, "कधीतरी करावीच लागणार होती ना."

शनिवारी खांबेटे सकाळी सातला उठले. मिरच्या या वेळी स्मितानं नाकानं भाजल्या. बाकी सगळं त्यांनी केलं. भिजवलेल्या मिरच्या वाटल्या, कांदा परतला, फणस घातला, कोरी कॉफी घातली. मधे ते बाथरूमला गेले तेवढ्यात अरुणाताईंनी चटणी टाकली. ते दारावर कोण आलं बघायला गेले तेव्हा फारुखभाईंनी पुदिना. झैदनं सुकवलेलं काळं लिंबू आणलं होतं. टेक्सासात ते घालत नाहीत हे त्याला मान्य होतं, पण त्याची आई घालते म्हणाला, आणि आईपुढे टेक्सास काय! शंभू कोपऱ्यात उभा राहून फणसावर लक्ष ठेवून होता.

एक वाजता पानं मांडली. खांबेटे डाव हातात धरून दाराशीच उभे राहिले.

"भावजी," अरुणाताई म्हणाल्या, "हे तुम्ही केलंय व्हय?"

नंतर जे झालं त्याची खांबेट्यांनी तयारी केलेली नव्हती. लोकांनी परत परत वाढून घेतलं. झैदनं डोळे मिटून मान हलवली. फारुखभाईंनी डाव चाटला आणि सलाम केला. शंभू म्हणाला, "मटण बाजूक रवला सायबानू," आणि एवढं बोलून लाजला. स्मितानं शेवटचा चमचा भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ठीक." दोन वाजता पातेलं असं झालं की घासायचीसुद्धा गरज राहिली नाही.

संध्याकाळी सहाला सुयोगचा व्हिडिओ कॉल यायचा होता. शनिवार असल्यामुळे तिकडे सकाळी नऊला तो घरीच. खांबेटे टॅब घेऊन हॉलमध्ये बसले. बाहेर अंधार पडला होता. स्मिता आत भांडी लावत होती.

"सो? हाउ वॉज इट, बाबा?"

खांबेट्यांनी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांनी त्यांच्या हातचं खाऊन वाहवा केली होती. दुपारपासून ते हे वाक्य मनात घोळवत होते. पण चिली झाली होती. आता उद्या साडेपाचला विचारायचं काय?

"बिघडली रे," ते म्हणाले.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"खारट झाली. फणसही कच्चा राहिला. कुणी खाल्ली नाही. मला वाटतं जिऱ्यापासूनच चुकलं. पहिल्यापासून परत करावी लागेल. म्हणजे तुला वेळ असला तर."

सुयोग खाली बघत म्हणाला, "बाबा, अरुणाकाकू पोस्टेड अ व्हिडिओ. ऑन द बिल्डिंग ग्रुप. आय अ‍ॅम स्टिल इन दॅट ग्रुप. फारुख अंकल इज लिकिंग द डाव."

खांबेट्यांचे कान तापले. "फारुखभाई काय, काहीही खातात," ते पुटपुटले.

"मी पण एक सांगू?" सुयोग म्हणाला. तो मराठीत बोलत होता, अडखळत, लहानपणी काही फोडल्यावर कबूल करायचा तसा. "मला चिली नाही येत. कधी केलीच नाही. ऑफिसमध्ये एक बाई आहे, ती कधी कधी आणते डब्यात. तुम्ही रोज विचारलं की मी तिला विचारायचा. ती नसली की इंटरनेटवर बघायचा. रात्री. मला काहीच नाही येत करायला."

"मग डिसेंबरात येऊन काय करणार होतास?"

"काय माहीत. काहीतरी केलं असतं. तुम्ही दोघं असता ना बाजूला."

स्मिता दारात येऊन उभी राहिली होती. "मग जेवतोस काय रे तू रोज?" तिनं विचारलं.

तो उठला. लॅपटॉप उचलला आणि त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं. इतके दिवस व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे एक पांढरी भिंत दिसायची. आता त्यांना त्याचं स्वयंपाकघर दिसलं. शेगडीवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं. ओट्यावर पिझ्झ्याचे खोके. एका मगमध्ये सॉसच्या पुड्या, एका मगमध्ये एकच काटा. फळीवर मेतकूट, गोडा मसाला, भाजणी. तीन वर्षांपूर्वी विमानतळावर स्मितानं दिलेली पाकिटं, तिनं लावलेल्या चिकटपट्टीसकट.

स्मिता खुर्चीवर बसली. खांबेट्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कांदे आहेत का?"

"नाही."

"सुरी?"

"प्लॅस्टिकची आहे."

"दुकान किती लांब?"

"टेन मिनिट्स. गाडीनं."

"मग जा. कांदे आण, लसूण आण. टोमॅटो. एक चांगली सुरी आण. आणि राजम्याचा डबा आण."

"बाबा, बीन्स?"

"आण म्हणतो ना. तुला पोटभर जेवायचंय. टेक्सासचं नंतर बघू."

"ओके." तो जॅकेट घालू लागला. मग थांबला. "कॉल कट करू?"

"नको," स्मिता म्हणाली. "राहू दे तसाच. आम्ही बसलोय."

त्यानं लॅपटॉप ओट्याच्या कडेला नीट टेकवून ठेवला. दार लागल्याचा आवाज आला, मग खाली गाडी सुरू झाल्याचा. त्यानंतर फक्त त्याचा फ्रीज घुमत राहिला.

नईममध्ये इशाची, रात्रीच्या नमाजाची, अजान झाली. खांबेट्यांनी टॅब पाण्याच्या जगला टेकवून उभा केला आणि थोडा स्मिताच्या बाजूला वळवला. दोघं त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत बसले. तिथे कुणी नव्हतं. खिडकीतून आलेलं ऊन हळूहळू शेगडीपर्यंत सरकत होतं.

"खिडकी पूर्वेला आहे वाटतं त्याची," स्मिता म्हणाली.

"हं."

"ऊन चांगलं येतं सकाळचं."